जूनच्या तोंडावर खत शोधू नका

गेल्या चार वर्षांत मी तीन वेळा खत बदललं, दोन वेळा खत देणारा बदलला आणि दर जुलैत कुंड्यांसमोर उभं राहून तेच म्हटलं, यंदाही फसलो. फुलेवाडीत घर आहे, गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत आणि पन्हाळ्याच्या पायथ्याला घरचं वीस गुंठे रान आहे. म्हणजे पोत्यानं घेऊनही फसलो आणि ट्रॉलीनं घेऊनही. कोल्हापुरात खताला तोटा आहे असं कुणी म्हणणार नाही. गंगावेशीत आजही कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध मिळतं, गावोगावी गोठे आहेत, गोबरगॅस आहेत, उसाचं पाचट आहे, कारखान्यांची मळी आहे. कच्चा माल उदंड. कुजून तयार झालेला माल मात्र कमी, आणि आपण मागायला जातो तेव्हा तर तो नसतोच.

हे माझ्या डोक्यात शिरायला तिसरं वर्ष उजाडलं. मेचा शेवटचा आठवडा होता, वळीव पडून गेला होता, आणि मी वाघबीळच्या अलीकडच्या एका गावात शेणखताची ट्रॉली मागायला गेलो होतो. उकिरड्याच्या कडेला एक आजोबा बसले होते.

"अण्णा, किती दिवसांचं आहे?"

"चांगलं म्हंता ते शिमग्यालाच गेलं. हे त्येच्या मागनं टाकल्यालं हाय. घ्या की, रानात पडलं की कुजतंय."

माणूस खोटं बोलत नव्हता. खत रानात कुजतंच. पण रानात कुजताना ते पिकाच्या ताटातलं ओढून घेतं, आणि ते पीक आपलं असतं.

हिशेब साधा आहे. उकिरड्यातलं शेण नुसतं पडून राहिलं तर मुरायला चार ते सहा महिने घेतं. नाडेप पद्धतीचं टाकं (विटांचं, हवेसाठी भोकं ठेवलेलं; पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावावरून 'नाडेप') भरल्यापासून तीन-चार महिने. गांडूळ खताला दीड-दोन महिने पुरतात, पण शेण आधी अर्धवट कुजवून घेतलं असेल तरच. म्हणजे दसरा-दिवाळीला लावलेला ढीग फेब्रुवारी-मार्चला तयार होतो आणि शहाणे लोक तो तेव्हाच उचलतात. वळीव पडल्यावर सगळ्या गावाला एकदम खत आठवतं तेव्हा उरतं ते मार्चमधलं शेण. खाली दिलेल्या बहुतेक तक्रारी त्याच शेणाच्या आहेत. त्या लक्षणांवरून ओळखता येतात.

खत घातलं आणि पानं पिवळी पडली

सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार हीच. आधी खालची, जुनी पानं फिकट होतात, नवी बारीक येतात, रोप जागेवरच थबकतं. आपल्याला वाटतं खत कमी पडलं, म्हणून आणखी दोन मुठी घालतो. मी तेच करायचो.

होतं असं की अर्धवट कुजलेल्या मालात भुसा, काड्या, पाचट म्हणजे कर्ब (कार्बन) भरपूर असतो आणि नत्र (नायट्रोजन) कमी. कुजवणारे जिवाणू ते पचवायला लागतात तेव्हा त्यांना नत्र लागतं, ते मातीतून उचलतात आणि झाड उपाशी राहतं. तयार खतात कर्ब आणि नत्राचं प्रमाण २० ला १ च्या खाली आलेलं असावं लागतं. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला सरकारी मानकातही हीच अट आहे.

झाड आधीच पिवळं पडलं असेल तर वरचं खत बोटांनी बाजूला ओढा आणि शेंगपेंडीचं पाणी द्या. मूठभर पेंड दोन लिटर पाण्यात दोन-तीन दिवस भिजवायची, वास सहन करायचा, मग दहापट पाणी घालून बुडाशी ओतायची. पेंडीत सात टक्क्यांच्या आसपास नत्र असतं. गोबरगॅसची स्लरी, म्हणजे टाकीतून निघणारं पातळ शेण, मिळाली तर ती त्याहून बरी. ओढून काढलेलं खत टाकू नका, एका कोपऱ्यात ओलं करून झाकून ठेवा. दिवाळीला तेच सोनं होतं.

आणि पुढच्या वेळी घेण्याआधी मेथी लावून बघा. चहाचे दोन कागदी कप घ्यायचे, बुडाला भोक पाडायचं. एकात कुंडीतली जुनी माती, दुसऱ्यात निम्मी माती आणि निम्मं नवं खत. दोन्हीत मेथीचे दहा-दहा दाणे. पाचव्या दिवशी मोजायचं. मागच्या वर्षी 'एक नंबर गांडूळ खत' म्हणून आणलेल्या पोत्याची मी ही परीक्षा घेतली. मातीच्या कपात नऊ कोंब, खताच्या कपात तीन. त्या तिघांतला एक उपटून पाहिला तर मुळाचं टोक विटकरी, जळालेलं, पांढरा केसाळपणा नावालाही नाही. पोतं वर्षभर जिन्याखाली पडून होतं. आता ठीक झालंय.

पानांच्या कडा करपतात

ही तक्रार वेगळी. पान पिवळं होत नाही, कडेनं तपकिरी होऊन कागदासारखं कुरकुरीत होतं. दोन-चार दिवसांतच झालं असेल तर कोंबडखत किंवा ताजं शेण, अमोनियानं पोळलेलं. नाक खुपसलं की डोळ्यात पाणी येतं तो वास. सावकाश, महिन्याभरात होत असेल तर खतात क्षार आहेत.

इथं मळीची गोष्ट आली. आपल्या भागात मळी म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढं प्रेसमड येतो, म्हणजे रस निवळून गाळल्यावर उरणारा काळपट गाळ. कारखान्यातला माणूस मळी म्हणतो तेव्हा तो मोलॅसिसबद्दल, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या काकवीसारख्या घट्ट द्रवाबद्दल, बोलत असू शकतो आणि पेपरात 'मळीमिश्रित पाणी' छापून येतं ते डिस्टिलरीचं सांडपाणी असतं. खत घेताना हा घोळ महागात पडतो. प्रेसमडमध्ये स्फुरद (फॉस्फरस), कॅल्शियम चांगलं असतं, पण ताजा माल जवळजवळ सत्तर टक्के पाणी आणि उरलेल्यात मेण. ढीग घातला की आतून असा तापतो की हात घालवत नाही. उभ्या पिकात तो घालायचाच नाही, निदान तीन महिने कुजवायचा. त्याच प्रेसमडवर डिस्टिलरीचं सांडपाणी फवारून बायोकंपोस्ट करतात. त्यात पालाश (पोटॅश) भरपूर येतं, त्याबरोबर क्षारही येतात. पन्हाळ्याकडच्या, पाऊस धुऊन नेणाऱ्या रानात त्यानं फारसं बिघडत नाही. शिरोळकडच्या क्षारपड काळ्या जमिनीत मात्र मी तरी ते घालणार नाही आणि गच्चीवरच्या बंद कुंडीत तर मुळीच नाही. कुंडीतले क्षार जाणार कुठं?

क्षार मोजायचे म्हणजे विद्युत वाहकता, भिजवलेल्या खतातून वीज किती सहज वाहते ते. शहरी कंपोस्टला ती ४ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत चालते असं मानक आहे. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत किंवा कारखान्याच्या लॅबमध्ये खताचा नमुना घेतात का ते आधी फोन करून विचारा. कुंडी आधीच करपली असेल तर तिच्या आकाराच्या तिप्पट पाणी सावकाश ओतून बुडातून निथळू द्या. एकदा धुतली की बहुतेक झाडं सावरतात, जास्वंद तर आठवड्यात.

लव्हाळा कुठून आला?

तणाचं बी ढीग तापल्याशिवाय मरत नाही. ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिलेला आणि दोन-तीनदा उलथलेला ढीगच गाजरगवताचं बी मारतो. गांडूळ खत तापत नाही, तापलं तर गांडुळं मरतील, त्यामुळं आधी न तापवलेल्या शेणाचं गांडूळ खत म्हणजे तणाच्या बियांची पुडी. दिसायला मात्र चहापत्तीसारखं सुंदर. लव्हाळ्याच्या गाठी आल्या असतील तर त्या खतातून नाही, खतात मिसळलेल्या मातीतून आल्या. ट्रॉली भरताना उकिरड्याच्या तळाशी जेसीबीचं बकेट लागलं की वीतभर रान तुमच्याकडं येतं. त्यावर उपाय म्हणजे भरताना तिथं उभं राहणं.

पांढऱ्या अळ्या निघाल्या

पंचगंगा-कृष्णा-वारणेच्या काठानं हुमणीनं, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीनं, ऊस कसा बसतो हे ज्यानं पाहिलंय तो खतात पांढरी अळी दिसली की ट्रॉली परत पाठवतो. आमच्या चुलत्यांनी तसं केलंही होतं. पण इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली प्रत्येक अळी हुमणी नसते, आणि हे तपासायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

दोन अळ्या धुवून घ्या आणि गुळगुळीत फरशीवर ठेवा. जी उलटी होऊन, पाठीवर पडून, पाय वर करून सरळ सुटते ती फुलभुंग्याची. ती कुजकं खाते, जिवंत मुळाला शक्यतो तोंड लावत नाही, उलट खत बारीक करते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं मरायला टेकली, तेवढ्यात ती फरशीच्या टोकाला पोचली होती. जी अंगठ्याएवढी जाड, कुशीवर पडून नुसती वळवळते ती गेंड्या भुंग्याची असण्याची शक्यता जास्त. शेणाच्या खड्ड्यात तीच वाढते आणि तिचा भुंगा नारळाच्या शेंड्यात शिरतो, म्हणून दारात नारळ असेल तर ती वेचून कोंबड्यांना घाला. खरी हुमणी बहुतेक मातीत, मुळांपाशी सापडते. ती निघाली, किंवा ओळख पटेना, तर खत पसरून कडक उन्हात दोन दिवस चाळवा, कावळे-साळुंक्या निम्मं काम करतात. रानात हुमणी असेलच तर मेटारायझियम ही अळी मारणारी बुरशी चांगल्या मुरलेल्या ओलसर खतात मिसळून पाऊस पडल्यावर द्या. वाळक्या मातीत ती बुरशी फुकट जाते.

कुंडीतली माती दगड झाली

हे पोत्यातल्या खताचं दुखणं. गाळ, काळी माती किंवा बॉयलरची राख मिसळून वजन आणि रंग वाढवतात. काचेची बाटली घ्या, मूठभर खत, वर पाणी, खळखळून हलवा आणि पाच मिनिटं ठेवा. झटकन तळाशी बसून थर धरतं ती वाळू-माती. थोडी असणारच, चौथाईच्या वर असेल तर तुम्ही शेत विकत घेतलंय. पाण्यावर काळीकुट्ट पूड तरंगली, बोटाला काजळीसारखी लागली, तर ती बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख. ती विष नाही, पण खताच्या भावानं का घ्यायची?

दुसरं, पाणी. गांडूळ खताच्या मानकात ओल १५ ते २५ टक्के धरली आहे. १०० ग्रॅम खत तोलून ताटात पसरा, दोन दिवस उन्हात वाळवा, परत तोला. ६० ग्रॅम उरलं तर ४० किलोच्या पोत्यात १६ किलो पाणी होतं. मला स्वतःला थोडं ओलसर, जिवंत खतच आवडतं, अगदी कोरडं ठणठणीत केलेल्यात जीव राहत नाही. फक्त भाव करताना हे पाणी लक्षात ठेवायचं.

पोत्यावर 'सेंद्रिय', 'ऑरगॅनिक', 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलेलं असतं ते मी वाचतच नाही. सेंद्रिय खतं २००६ पासून १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. म्हणून पोत्याच्या मागं बघायचं, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, तारीख आणि घटकांची टक्केवारी. गांडूळ खतात नत्र निदान १ टक्का आणि सेंद्रिय कर्ब निदान १८ टक्के हवा. कुणी पाच टक्के नत्राची हमी देत असेल, किंवा घातल्यावर चौथ्या दिवशी झाड काळंभोर हिरवं झालं, तर आनंद नको. त्यात युरिया आहे.

मग घ्यायचं कधी, कुणाकडून?

दिवाळी झाली की फिरायला लागा. डिसेंबर-जानेवारीत ढीग बघा, फेब्रुवारीत उचला. हिवाळ्यातच गार्डन्स क्लबचं पुष्पप्रदर्शन आणि मेरी वेदर मैदानावरचं कृषी प्रदर्शन भरतं. तिथं खरेदी करू नका, खत करणाऱ्यांशी बोला आणि युनिट बघायला कधी येऊ विचारा. जो "कधीही या" म्हणतो त्याच्याकडं जा. जो "घरपोच देतो, यायची गरज नाही" म्हणतो त्याच्याकडंही जा, पण न सांगता. गावातले महिला बचत गट गांडूळ खत करतात, त्यांचा माल थोडा असतो पण चाळलेला असतो आणि कशाचा केलाय ते विचारलं की सरळ सांगतात. तांत्रिक शंका असेल तर कणेरी आणि तळसंदे इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत.

ढिगापाशी गेलात की सोबत लोखंडी सळई ठेवा. हातभर आत खुपसायची, दहा मिनिटं गप्पा मारायच्या, उपसून पकडायची. चटका बसला तर अजून शिजतंय. थंड निघाली म्हणून लगेच खूश होऊ नका, इथं मी एकदा फसलोय. ढीग वाळला तरी थंड पडतो. आतून राखेसारखी पांढरी पूड दिसली तर समजायचं की पाण्याअभावी काम थांबलंय. त्यावर दोन घागरी ओता, तीन दिवसांनी परत तापेल. खरा तयार माल थंडही असतो, ओलसरही असतो आणि वळिवानंतर रानाला येतो तसा वास देतो. वासाबद्दल शंका असेल तर मूठभर ओलं करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर तोंड फिरवावं लागलं तर कच्चं.

विचारायचे प्रश्न दोनच: कशाचं केलंय, आणि पावसात कुठं होतं? दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत. गगनबावड्याकडून येणाऱ्या पट्ट्यात उघड्यावर पावसाळा काढलेल्या शेणखतातलं विरघळणारं सगळं ओढ्याला गेलेलं असतं, राहतो तो चोथा. दिसायला मुरलेला, हाताला मऊ, आत काही नाही. नदीकाठच्या गावात तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात अख्खे उकिरडे वाहून गेले आणि मागं गाळ बसला. छपराखालचा किंवा पाचटानं झाकलेला ढीग चार पैसे जास्त देऊन घ्यावा.

किती लागतं हेही आधी ठरवा, नाहीतर ऐन वेळी मिळेल ते उचलतो आपण. बारा इंची कुंडीला साधारण तीन लिटर, म्हणजे माझ्या चाळीस कुंड्यांना दोन पोती. उसाला हेक्टरी २५ टन शेणखत धरतात, वीस गुंठ्यांना पाच टन झालं, दोन-तीन ट्रॉल्या. तेवढं विकत घेणं जड जात असेल तर सुगीनंतर रान मोकळं झालं की धनगराची बकरी बसवा. लेंड्या आणि मूत जागेवरच पडतं, ट्रॉलीचं भाडं नाही, छपराचा प्रश्न नाही. आणि ऊस गेल्यावर पाचट पेटवू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं आणि ते तुमच्याच रानात पडलेलं असतं. सरीआड दाबून वर शेणाची स्लरी सोडली तरी पुढच्या पावसापर्यंत मऊ होतं.

फेब्रुवारीत आणलेला माल थोडा कच्चा निघाला तर बिघडत नाही, कारण आता हातात तीन महिने असतात. सावलीत ढीग करा, पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवा, वर पोती किंवा पाचट घाला, प्लॅस्टिकचा कागद नको. पंधरा-वीस दिवसांनी एकदा उलथा. पोत्यातलं असेल तर शिवण उसवून तोंड उघडं ठेवा आणि पोत्यावर मार्करनं आणल्याची तारीख टाका. माझ्या जिन्याखाली आत्ता दोन पोती आहेत, एकावर ११ फेब्रुवारी, दुसऱ्यावर २० मे. दुसरं शेजारच्या काकींनी वळीव पडल्यावर घाईनं आणलं होतं आणि मेथीच्या कपात नापास झाल्यावर माझ्याकडं मुरायला ठेवलंय.